लॅपटॉप आणि त्याचा चार्जर

वस्तू माणसांशी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. यमुताईंचा म्हातारा लॅपटॉप एके सकाळी सुरूच होईना. आपलाच बोर्ड जळालाय, हे त्याला ठाऊक होतं. पण भंगारात जायच्या भीतीने तो म्हणाला, "हा चार्जर वीजच देत नाही."

इतकी वर्षं त्याला जागं ठेवणारा चार्जर कळवळला. "ताई, माझा दिवा लागलाय, बघा तरी."

ताईंनी ऐकलं नाही. त्यांनी चार्जर भंगारवाल्याला देऊन टाकला आणि नवा आणला.

नव्या चार्जरने जोडल्यावर विचारलं, "दादा, वीज पोचतेय ना? मग उठत का नाहीस?"

लॅपटॉप गप्प राहिला.

"हाही तसलाच निघाला," म्हणत ताईंनी नवा चार्जर काढला. लॅपटॉपने तेव्हाही तोंड उघडलं नाही.