चिठ्ठी खरी कशावरून?

एकदा एक शिष्य एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे तर्कशास्त्र शिकत होता. मोठा शंकेखोर! गुरुजींनी ‘दिवस उगवला’ म्हटले, तरी हा ‘कशावरून?’ म्हणणार. गुरुजींना त्याचे कोण कौतुक.

एके दिवशी गावाहून चिठ्ठी आली : आई अत्यवस्थ आहे, लगेच निघ. गाव एका दिवसाच्या वाटेवर. शिष्याने पाठशाळेत सर्वांना चिठ्ठी वाचून दाखवली. “दोन वर्षांपूर्वी हाच मजकूर आला होता. धावत गेलो, तर आई पुरण वाटत होती आणि ओसरीवर मुलीकडची माणसे! आता ही चिठ्ठी खरी कशावरून?” सगळे खो खो हसले. गुरुजीही हसले. शिष्य काही गेला नाही.

आठवड्याभराने दुसरा निरोप आला : आई गेली. तो पोहोचला, तेव्हा चुलतभावाने आईला अग्नी देऊनही झाला होता. सुतकाचे उरलेले दिवस उरकून, कोणाशी न बोलता तो परतला आणि त्याने पोथ्या गुरुजींसमोर ठेवल्या.

“शंकेने माझा घात केला. यापुढे आपण सांगाल ते खरे. मला काही विचारायचे नाही.”

गुरुजींनी पोथ्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, “तुझ्या आईने तुला क्षमा केली. शांतपणे गेली ती.”

शिष्य ढसाढसा रडला. रडता रडता त्याने मान वर केली. “पण आपण तर इथेच होता. आपल्याला कसे कळले?”

“नाही कळले. खोटे बोललो मी.”

“अशा वेळी माझी परीक्षा पाहता, गुरुजी?”

“बाळ, चिठ्ठी खरी की खोटी हे कळत नव्हते, म्हणूनच तू जायला हवे होतेस. शंका माणसाला उठवते, तू ती घेऊन बसून राहिलास. चिठ्ठी खोटीच, याची तुला खात्री होती. त्या खात्रीवर तू शंका घेतली नाहीस. आणि मी हसलो. ते पाप माझे.” मग त्यांनी विचारले, “शेवटी तिच्याजवळ कोण होते?”

“शेजारच्या काकू.”

“त्यांना विचारलेस?”

“धीर झाला नाही.”

“मग जा. काय ऐकावे लागेल, मला ठाऊक नाही.”

तो गेला. काकू तांदूळ निवडत होत्या. त्याने विचारताच त्यांचे हात थांबले. “वाचा गेली होती रे तिची. क्षमा केली का, ते मी कसं सांगू? दारात कुणी आलं की मान वळवून बघायची. मग बघायची थांबली.”

इथे उठून जाता आले असते. पण त्याने विचारले, “किती दिवस बघत होती?”

“चिठ्ठी धाडल्यापासून सहा दिवस.”

चिठ्ठी मिळताच निघाला असता, तर भेटून चार दिवस उशाशी बसता आले असते. त्याला सगळे समजले, आणि समजून काहीच हलके झाले नाही. तो काकूंच्या समोर बसून राहिला.