तात्या मठात आले होते

“मग चुकलं कुठं, बाबा? सांगा ना.”

जोतिराम हे दुसऱ्यांदा विचारत होता. मठाच्या अंगणात भैरवगिरी बाबा चिंचा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आषाढापासून कार्तिकापर्यंत मौन पाळलं. एक शब्द तोंडातून गेला नाही. साप पायावरून गेला, तरी ओरडलो नाही.”

“सापाला बरं वाटलं असेल.”

“चेष्टा करू नका, बाबा. या मठात एवढं कडक मौन कुणी पाळलंय?”

“कुणी नाही. मीसुद्धा नाही. मला तर चिंच आंबट लागली तरी कुणाला तरी सांगावंसं वाटतं.”

जोतिराम हसला नाही. तो बाबांच्या समोर मातीतच बसला. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला,

“आता प्रार्थनेला बसलो की शब्द नुसते ओठांवरून जातात. आत काही हलत नाही. पूर्वी असं होत नव्हतं.”

“कधीपासून?”

जोतिरामाने समोरचा एक चिंचोका उचलला आणि परत ठेवला.

बाबांनी चिंचोके एका बाजूला सारले. “मौनात असताना कधी बोलावंसं वाटलं होतं?”

“एकदा…”

“केव्हा?”

“श्रावणात. तात्या आले होते.”

आता बाबांनी वर पाहिलं. “तुझे वडील? इथं? मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही खालच्या वाडीला गेला होता. मी एकटाच ओसरीवर जप करत होतो. गावातल्या कुणीतरी त्यांना पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं असावं. तिथून काठीनं चाचपत वर आले.”

“चाचपत?”

“त्यांचे दोन्ही डोळे गेलेत… गेले होते.”

“मग समोर तू आहेस, हे त्यांना कसं कळलं?”

“नाही कळलं.”

बाबांच्या हातातली चिंच तशीच राहिली.

“म्हणाले, ‘जोत्या, हैस का रं?’ मी बोललो नाही. पुन्हा विचारलं. मग माझा श्वास त्यांना ऐकू आला असावा. त्यांना वाटलं, कुणी साधू बसलाय. लगेच काठी खाली ठेवली आणि हात जोडले. म्हणाले, ‘म्हाराज, मौनात हैसा व्हय? ऱ्हाऊ द्या, बोलू नगा. माझं पोरगं देवासाठी घर सोडून गेलंय. त्येला देव भेटू द्या. मला पोरगं न्हाई भेटलं तरी चालंल.’”

“आणि?”

“आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.”

पिंपळावर एक कावळा ओरडला आणि गप्प झाला.

“पाय मागं घेतलेस?”

“माळ चालू होती, बाबा.”

“आशीर्वाद दिलास?”

“हात वर धरला. डोक्याच्या वर.”

“दाखव.”

बाबांनी जोतिरामापुढे मान वाकवली. त्यांच्या पांढऱ्या केसांवर जोतिरामाने उजवा हात धरला. हात आणि केस यांच्यात थोडं अंतर राहिलं.

“इथपर्यंत,” तो म्हणाला.

“ठेवला का नाहीस?”

“ठेवला असता तर ओळखलं असतं. हे बोट वाकडं आहे. लहानपणी उसाच्या चरकात सापडलं होतं. तात्याच पट्टी बांधायचे. दुखायचं, तेव्हा मला झोप लागेपर्यंत हात हातात घेऊन बसायचे.”

हात अजून हवेतच होता. जोतिरामाने दुसऱ्या हाताने तो धरून खाली घेतला.

बाबांनी मान वर केली.

“घरी जाऊन आलास ना? काय म्हणाले तात्या?”

“मौन सुटलं आणि तडक घरी गेलो. पहिला शब्द त्यांच्याशीच बोलायचा, असं ठरवलं होतं. अंगणात उभा राहून हाक मारली. ‘तात्या!’ आतून काका आले. त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. तेराव्याचा मांडवही सोडून झाला होता.”

बाबांनी हातातली चिंच खाली ठेवली.

“मी काकांशी भांडलो. निरोप का धाडला नाही म्हणून. ते म्हणाले, ‘कुठं धाडायचा? दादा सोता मठात जाऊन आला. म्हणाला, आपलं पोरगं तिथं न्हाई. तिथं दुसराच कुणीतरी बसलाय.’”

चिंचेच्या टरफलांवर मुंग्या आल्या होत्या. बाबा त्यांच्याकडे पाहत राहिले.

“प्रायश्चित्त सांगा, बाबा. आणखी कडक व्रत सांगा. वर्षभर मौन धरतो.”

“नको. पुष्कळ झालं.”

“मग काय करू? देवासमोर बसायचं तोंड उरलं नाही मला.”

“आधी तात्यांना हाक मार.”

जोतिरामाने डोळे पुसले. “आता? आता ते कुठली ओ देणार?”

“त्या दिवशी तू दिलीस?”

जोतिरामाची मान खाली गेली.

“पण ऐकत होतास ना?”

“शब्दन् शब्द, बाबा… शब्दन् शब्द.”

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“मग मार हाक.”