आठव्या दिवसाचं नाव

"आणि इसहाकला काय हरकत आहे?" रहमीमकाकांनी विचारलं.

"त्याचा अर्थ 'तो हसेल'. लोकही हसतील, काका."

काकाच हसले. रेवदंड्याच्या सिनेगॉगचे ते हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारे. समोर बसलेला एझ्रा मास्तर त्यांचाच शिष्य. हिब्रूची मुळाक्षरं त्यांच्याकडे शिकला, मग एक जाडजूड शब्दकोश आणला आणि काकांच्याच चुका काढू लागला. काकांना त्याचा राग कधी आला नाही, मौज मात्र वाटायची.

उद्या एझ्राच्या मुलाचा आठवा दिवस. सुंता होणार, सगळ्यांसमोर नाव पुकारलं जाणार. त्यासाठी काका एलिया नबीची खुर्ची, सुंतेआधी बाळाला जिच्यावर ठेवतात ती, खोबरेल लावून पुसत होते. आणि नावाचा अजून पत्ता नव्हता.

"याकोब?"

"टाच धरणारा. जन्मभर लोकांचे पाय ओढायचे का त्याने?"

"नोहा?"

"विश्रांती. आमच्या घराण्यात आळशी काय कमी आहेत!"

"दानिएल?"

"देव माझा न्यायाधीश. म्हणजे पाळण्यातूनच कोर्टात."

"तुझ्या बायकोचं काय म्हणणं?"

"ती कालपासून बोलत नाही."

काकांनी खुर्चीचा दुसरा हात पुसायला घेतला. एझ्रा कोशाची पानं उलटत राहिला. मग त्याचा आवाज एकदम उतरला.

"अकरा वर्षांनी झालाय, काका. नाव चुकलं तर… मला भीती वाटते."

काकांनी फडकं खाली ठेवलं.

"नाक कोणावर गेलंय?"

"कोणाचं?"

"तुझ्या मुलाचं."

"नाक…" एझ्रा अडखळला. "आईवर असेल."

"असेल?… बरं, डोळे?"

एझ्राने सवयीने कोशाकडे पाहिलं.

"झोपलेला असतो हो तो. आणि मी सगळे दिवस यातच…"

"रऊबेन म्हणजे काय रे?" काकांनी मध्येच विचारलं.

एझ्रा सावरला. हे त्याला तोंडपाठ होतं. "रऊ म्हणजे बघा, बेन म्हणजे मुलगा. 'बघा, मुलगा!' याकोबाच्या बायकोने, लेआने, पहिल्या मुलाचं ठेवलेलं. पण याला काय अर्थ म्हणायचा, काका? बाईला आनंद झाला आणि ती ओरडली, एवढंच."

"कोश होता तिच्याकडे?"

"छे! तेव्हा कुठला…"

एझ्राने कोश मिटला. त्याचे कान लाल झाले. मग त्याला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

काकांनी तेलकट हात धोतराला पुसले, त्याच्या हातातला कोश काढून घेतला आणि स्वतःच्या काखेत मारला.

"म्हणजे उद्या रऊबेनच पुकारायचं ना, काका?"

"नावाचं उद्या. हा कोश मी सांभाळतो, तू आज घरी जाऊन मुलाला नुसतं बघून ये."