नवं कवच

परभणीचे त्र्यंबकराव सातोनकर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरात त्यांच्या शब्दाबाहेर पालसुद्धा चुकचुकत नसे. मुलगी बघायला आले, तेव्हाही तिन्ही मुलगे त्यांच्या शेजारी सोफ्यावर अंग चोरून बसले होते. ऋजुताला धाकटा मकरंद पसंत होता; पण लातूरची नोकरी सोडून परभणीत राहायची अट काही पसंत नव्हती. तसं तिने स्पष्टच सांगितलं.

"असं? मग एक प्रश्न," पोह्यांची बशी ठेवत त्र्यंबकराव म्हणाले. "आवर्तसारणीत एका ओळीत उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढतात, तरी अणू लहान का होतो? पटेल असं सांग, तुझं म्हणणं मान्य!"

"कवच तेच राहतं, काका, आणि केंद्रकाची ओढ वाढत जाते. मग सगळे आत आक्रसतात." ऋजुताने हळूच सोफ्याकडे पाहिलं. "खालच्या ओळीत मात्र नवं कवच मिळतं. केंद्रकापासून जरा अंतर पडतं आणि अणू ऐसपैस होतो. आम्ही लातूरला तेच करू म्हणते."

मकरंदला ठसका लागला. त्र्यंबकरावांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"उत्तर बरोबर आहे," ते शेवटी पुटपुटले.

तेवढ्यात त्यांची थोरली सून पदर सावरत म्हणाली, "मामंजी, आपला वरचा मजला रिकामाच आहे ना? आम्हा दोघांना तेवढं कवच पुरे."