घंटी कुणी वाजवायची?

सायकलवरून कामावर निघालेल्या आप्पांना एका कारखानदाराच्या मोटारीनं मागून उडवलं. ते जागीच गेले. खटल्यात साक्षीला त्यांची बायको सुशीला एकटीच आली.

कारखानदाराचा नामांकित वकील गरजला, "बाई, तुमच्या नवऱ्यानं घंटी का नाही वाजवली? चूक त्यांचीच!"

सुशीला म्हणाली, "साहेब, रस्त्यात मागचा वाजवतो आणि पुढचा बाजूला होतो. आमचे हे पुढं होते. मग वाजवायचं कुणी?"

वकील खाली बसला. कारखानदार दोषी ठरला.

त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. आप्पा तिथंच वाजवायचे, चहा ठेव म्हणून. सुशीलानं सवयीनं दोन कपांचं आधण ठेवलं. सायकल शेजारच्या दारी थांबली.