शोरूमचा सोफा आणि वर्कशॉपचा बाक

हर्णैच्या मासेवाल्या पारूबाई पावसे पिकअप घ्यायला आल्या होत्या. घाटात गाडी बंद पडली की बर्फ वितळतो आणि मासळी सडते, या धास्तीनं त्या शोरूममध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या.

"मावशी, सोफ्यावर बसा तरी!" मालक धनावडे शेठ हसले. "आमची गाडी कधी बंदच पडत नाही. दुरुस्तीचं नाव काढू नका."

पारूबाई न बसता मागच्या वर्कशॉपात चक्कर मारून आल्या आणि त्यांनी पिशवी उचलली.

"काय झालं?" शेठ गडबडले.

"शेठ, तुमच्या या सोफ्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, आणि मागच्या बाकाचा रंग माणसं बसून बसून उडालाय. गाडी बंद पडत नाही, मग ती माणसं तिथं काय भजनाला बसतात?"