रबराचा बुश

“मग लोखंडी बुशच का नको, उस्ताद?”

इस्माईल शिकलगार चहा पीत राहिले.

रणधीर साळोखे त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आता कोल्हापुरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, नाव होतं. गॅरेज काढल्यापासून तो उस्तादांकडं फिरकला नव्हता. आज मात्र गाडी घेऊन स्वतः आला होता.

गाडी घोरपडे बाईसाहेबांची. जुनी अमेरिकन, आठ सिलिंडरची, लांब नाकाची. चाकाचा दांडा आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यांच्यामध्ये जी गोल गादी बसते, तो बुश, गेल्या वर्षी रणधीरनंच नवा घातला होता. रबराचा. आणि परवा त्यानंच ट्रायलला नेली, तर घाटाच्या वळणावर गाडी आपसूक दरीकडं ओढली गेली. कठड्याला घासून थांबली.

शेजारी त्याची बायको बसली होती. ती ओरडलीसुद्धा नाही. तिनं फक्त त्याचा दंड धरला...

“रबर फाटलं उस्ताद. लांब चीर पडली. माझा विश्वासच उडालाय रबरावरचा.” त्यानं गाडीतून काढलेला फाटका बुश बाकावर टाकला आणि शेजारी तीन तऱ्हांचे नवे मांडले. “हे रबर. हा पॉलीचा, कडक प्लास्टिकचा. आणि हा लोखंडी, केसभरसुद्धा हलत नाही. उद्या बाईसाहेब नातवाला घेऊन तोच घाट उतरणार आहेत. मला काहीच हलायला नकोय.”

उस्तादांनी लोखंडी बुश तळहातावर घेतला.

“ह्याला हादरा बसला, तर तो कुठं जाईल?”

“पुढं... चासीत.”

“चासी नवी आहे?”

“नाही. जुनीच... तडकेल.”

त्यांनी तो बाकावर ठेवला.

“मग पॉलीचा?”

“तो करकरेल. चालेलही. पण बाईसाहेबांना गाडी पळवायची नाही, घरी पोचायचंय.”

“म्हणजे पुन्हा रबर? पुन्हा फाटलं तर? आत ते पोर बसलेलं असणार, उस्ताद!”

उस्तादांनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळे लाल होते. झोप नसावी.

“गेल्या वर्षी नट आवळलेस, तेव्हा गाडी कुठं होती?”

“लिफ्टवर उचललेली.”

“चाकं?”

“लोंबकळत...”

त्यानं फाटक्या बुशकडं पाहिलं.

उस्ताद उठले. फाटका बुश उचलला, त्याची बाहेरची कडी एका मुठीत धरली, आतली नळी दुसऱ्या हातानं पिळली. रबर आतल्या आत पिळवटलं. मग आतला हात सोडला. नळी आपोआप जागेवर आली, तेवढ्यात फाटलेली फट दिसली आणि मिटली.

“चाकं लोंबकळत असताना आवळलास; गाडी खाली आली तसे दांडे वर गेले आणि हे पिळलेलंच राहिलं. बिचारं वर्षभर सुटायला बघत होतं.”

रणधीरनं रबराचे नवे बुश घेतले. उस्तादांच्या लिफ्टवर उचललेल्या गाडीखाली शिरला, ते बसवले, नट हातानं फिरवले आणि सवयीनं पाना लावला.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

त्याला गाडीखालून बाहेर ओढलं.

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट सावकाश खाली आली. चाकं जमिनीला टेकली, स्प्रिंगा दबल्या, गाडी बसल्यासारखी झाली. दांडे वर सरकून आपल्या जागी आले.

आता तिच्याखाली हातभर जागा उरली होती. रणधीर पाठीवर झोपून सरपटत आत गेला. कपाळाला ऑइल लागलं. कोपर चासीला आपटलं. पाना अर्धा फेरा फिरे आणि अडे, पुन्हा काढून लावावा लागे.

“वर असताना किती सोपं जातं हो, उस्ताद,” तो आतून धापा टाकत म्हणाला.

उस्ताद गाडीशेजारी उकिडवे बसले. हातबॅटरीचा उजेड त्याच्या हातांवर धरला.

“ओझं नसताना आवळायला कुणालाही सोपंच जातं.”